डिझेल पिकअपमधील मोठे इंजेक्टर व इलेक्ट्रॉनिक ट्यूनर

मोठ्या क्षमतेचे इंजेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक ट्यूनर यांचा एकत्रित वापर ही डिझेल पिकअप ट्रकच्या इंजिनाची शक्ती कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाढवण्याची एक पद्धत आहे. इंजेक्टर हा सिलिंडरमध्ये डिझेलची फवारणी करणारा यांत्रिक भाग असून ती फवारणी केव्हा, किती वेळ आणि किती दाबाने व्हावी हे इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील आज्ञावली ठरवते. ही आज्ञावली बदलणाऱ्या किंवा संगणकाला मिळणारे संकेत बदलणाऱ्या उपकरणास ट्यूनर म्हणतात. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे रूढ झाली. मालवाहू जोडगाड्या ओढणे, शेतीकाम, शर्यती आणि ट्रॅक्टर-ट्रकांच्या ओढ-स्पर्धा ही तिच्या वापराची मुख्य क्षेत्रे होत. वाढीव डिझेलाच्या प्रमाणात हवा मिळाली नाही, तर मिळालेल्या शक्तीची किंमत इंजिनाच्या आयुष्याने आणि प्रदूषणाने मोजावी लागते. म्हणून या दोन भागांचा विचार सुटा न करता संपूर्ण इंजिनाच्या संदर्भात करावा लागतो.

मूलतत्त्व

पेट्रोल इंजिनात आत येणाऱ्या हवेचे नियंत्रण करून शक्ती कमी-जास्त केली जाते. डिझेल इंजिनात मात्र हवा शक्य तितकी घेतली जाते आणि शक्तीचे नियमन केवळ इंधनाच्या मात्रेने होते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. त्यामुळे डिझेल इंजिनात अधिक तेल सोडले की अधिक शक्ती मिळते, परंतु ते जाळण्यास पुरेशी हवा असेपर्यंतच.

एका फवाऱ्यात जाणारे डिझेल तीन गोष्टींवर अवलंबून असते : नोझलच्या छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ, फवारणीचा दाब आणि फवारणीचा कालावधी. छिद्राचा व्यास १० टक्क्यांनी वाढवल्यास क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. दाबाचा परिणाम त्या मानाने सौम्य असतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब १० टक्क्यांनी वाढवला तरी प्रवाह सुमारे ५ टक्केच वाढतो. कालावधीचा परिणाम जवळजवळ सरळ प्रमाणात होतो. या तिहींपैकी पहिली गोष्ट इंजेक्टर बदलून साधते, उरलेल्या दोन ट्यूनरच्या अखत्यारीत येतात.

या राशींची कल्पना येण्यासाठी ५.९ लिटर व सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे उदाहरण घेता येईल. हे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीने ३०० अश्वशक्ती देत आहे आणि त्याची कार्यक्षमता सुमारे ३८ टक्के आहे असे धरल्यास, दर सेकंदाला होणाऱ्या १५० फवाऱ्यांपैकी प्रत्येकात सुमारे ११० घनमिलिमीटर डिझेल लागते. तीच कार्यक्षमता राखून ४५० अश्वशक्ती हवी असल्यास हे प्रमाण सुमारे १६५ घनमिलिमीटर होते.

इंजेक्टरची क्षमता

मोठा इंजेक्टर म्हणजे बाहेरून आकाराने मोठा इंजेक्टर नव्हे. त्याचे बाह्य माप मूळ इंजेक्टरइतकेच असते. फरक नोझलच्या छिद्रांचा व्यास, त्यांची संख्या किंवा आतील भागाची तेल सामावण्याची क्षमता यांत असतो. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांसाठी अशा इंजेक्टरांचे वर्णन मूळ प्रवाहाच्या तुलनेत किती टक्के अधिक, किंवा अंदाजे किती अश्वशक्तीची भर, अशा शब्दांत केले जाते. फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनासाठी दोन आकड्यांची खूण प्रचलित आहे. पहिला आकडा १,००० फवाऱ्यांत जाणारे डिझेल घनसेंटिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा नोझलच्या प्रवाहातील टक्केवारीची वाढ दाखवतो.

छिद्रे रुंद झाल्यावर तेवढेच डिझेल कमी वेळात आत जाते. हा मोठ्या इंजेक्टरचा खरा लाभ होय. मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असताना क्रँकशाफ्ट एका सेकंदात १८,००० अंश फिरतो, म्हणजे २ मिलिसेकंदांच्या फवारणीत तो ३६ अंश पुढे जातो. प्रवाह ३० टक्क्यांनी अधिक असलेल्या इंजेक्टरने तेवढेच डिझेल सुमारे १.५४ मिलिसेकंदांत, म्हणजे सुमारे २८ अंशांत जाते. पिस्टन बराच खाली उतरल्यावर जळणारे डिझेल त्याला फारसे ढकलत नाही. त्याची उष्णता उत्सर्जित वायूबरोबर बाहेर पडते. फवारणी वेळेत आटोपल्यास हा अपव्यय कमी होतो.

छिद्रे मर्यादेबाहेर मोठी केल्यास मात्र फवाऱ्याचे थेंब जाड होतात आणि हवेत नीट मिसळत नाहीत. इंजिन मोकळे चालताना लागणारी अत्यल्प मात्रा अचूक मोजणेही कठीण होते. थंड इंजिनातून पांढुरका धूर, खडखडाट आणि असमान चाल ही त्याची नेहमीची लक्षणे होत. सहाही किंवा आठही इंजेक्टरांचा प्रवाह एकमेकांशी जुळलेला असणे हे एखाद्याच इंजेक्टरच्या मोठेपणापेक्षा अधिक महत्त्वाचे असते. एका इंजेक्टरमधून जास्त तेल गेल्यास त्याच सिलिंडरचा पिस्टन इतरांपेक्षा अधिक तापतो.

ट्यूनरचे प्रकार

ट्यूनरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात गाडीच्या तारांमध्ये एक पेटी जोडली जाते. ही पेटी संवेदकाकडून संगणकाकडे जाणारा संकेत वाटेत बदलते. उदाहरणार्थ, इंधनाचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे तिने संगणकास भासवले, की संगणक दाब वाढवतो. दुसऱ्या प्रकारात संगणकातील मूळ आज्ञावली वाचून तिच्या जागी सुधारित आज्ञावली लिहिली जाते. भारतात या क्रियेस रिमॅप हा शब्द रूढ आहे. ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये संगणकाच्या मागील बाजूस बसवायची चिप वापरली जाई.

आज्ञावली लिहिणारा ट्यूनर फवारणीचा कालावधी, आरंभाचा क्षण, इंधनाचा दाब, टर्बोचार्जरचे नियंत्रण आणि स्वयंचलित गिअरपेटीचे दाब अशा अनेक बाबी एकमेकींशी मेळ घालून बदलू शकतो. संकेत बदलणाऱ्या पेटीला सहसा त्यांपैकी एखाद-दुसऱ्याच गोष्टीवर ताबा असतो. दोन्ही प्रकार एकाच गाडीवर एकावर एक चढवण्याची प्रथाही आढळते. अशा वेळी एक उपकरण कालावधी वाढवते आणि दुसरे संगणकाच्या नकळत दाब वाढवते. प्रत्यक्ष दाब किती आहे हे संगणकास ठाऊक नसल्याने त्याची संरक्षणव्यवस्था निष्प्रभ ठरू शकते. कॉमन रेलवरील सुरक्षा झडप उघडून दाब एकाएकी ओसरणे हा त्याचा एक परिणाम होय.

एकत्रित वापर

मूळ इंजेक्टरांवर केवळ ट्यूनर बसवल्यास शक्ती वाढते. मात्र ठरावीक मर्यादेनंतर कालावधी वाढवूनच अधिक डिझेल सोडता येते आणि ज्वलन लांबत जाते. याउलट, मूळ आज्ञावली तशीच ठेवून मोठे इंजेक्टर बसवल्यास संगणक जुन्याच प्रवाहाचा हिशेब धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी हिशेबापेक्षा अधिक तेल जाते. मोकळ्या चालीत धूर येतो, गाडीच्या पटलावर दिसणारी इंधनखपत चुकते आणि वेगवर्धक पायटा हलकेच दाबला तरी गाडी झटका घेते.

म्हणून दोन्ही भाग एकत्र वापरताना त्या विशिष्ट इंजेक्टरांसाठीच आज्ञावली तयार करावी लागते. कमी भाराच्या वेळी कालावधी मूळच्यापेक्षा कमी केला जातो, म्हणजे रोजच्या वापरात इंजिन मूळ स्वरूपासारखेच सौम्य राहते. पूर्ण भाराच्या वेळीच वाढीव प्रवाहाचा लाभ घेतला जातो. फवारणी लवकर आटोपत असल्याने तिच्या आरंभाचा क्षणही नव्याने ठरवावा लागतो. तो फार अलीकडे आणल्यास पिस्टन वर येत असतानाच दाब शिगेला पोहोचतो आणि सिलिंडरच्या माथ्यावर, गॅस्केटवर व कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. काही इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर त्याच्या चाचणीतून निघालेला संकेतांक छापलेला असतो. इंजेक्टर बदलल्यावर तो संगणकात नोंदवणे आवश्यक असते.

इंजिनांनुसार विकास

क्राइसलरने आपल्या डॉज ट्रकांत १९८९ च्या वर्षप्रतिमानापासून कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन देण्यास प्रारंभ केला. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती व टॉर्क ४०० पाउंड-फूट होता. १९९४ ते १९९८ या काळातील याच इंजिनांवर बॉशचा पी-७१०० हा संपूर्ण यांत्रिक पंप होता. त्यात संगणकाचा संबंध नसल्याने ट्यूनरचा प्रश्न उद्भवत नसे. पंपातील मर्यादापट्टी व झडपा बदलून आणि मोठे इंजेक्टर बसवून शक्ती वाढवली जाई. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पंप आला आणि या इंजिनावर ट्यूनरचे युग सुरू झाले. या पंपाचे वंगण व शीतन त्यातून वाहणाऱ्या डिझेलनेच होते. त्यामुळे टाकीकडून येणाऱ्या तेलाचा दाब कमी पडल्यास तो लवकर निकामी होतो. २००३ पासून कमिन्सने कॉमन रेल पद्धत स्वीकारली.

फोर्डने १९९४ मध्ये नॅव्हिस्टारने बनवलेले ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक इंजिन आणले आणि ते २००३ पर्यंत चालू ठेवले. त्याच्या इंजेक्टरांत इंजिनाचे वंगणतेल उच्च दाबाने सोडले जाते. सुमारे २०० बारचा हा दाब इंजेक्टरमधील दट्ट्यामुळे डिझेलवर सातपट होऊन पडतो. अशा इंजिनात मोठे इंजेक्टर बसवल्यास डिझेलबरोबर वंगणतेलाची मागणीही वाढते आणि मूळ तेलपंप अपुरा पडू शकतो. इंजेक्टर आणि ट्यूनर यांच्या पलीकडे तिसरी मर्यादा असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

जनरल मोटर्स व इसुझू यांच्या संयुक्त उपक्रमाने ओहायो राज्यातील मोरेन येथे बनवलेले ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स इंजिन २००१ च्या वर्षप्रतिमानात आले. आरंभापासूनच त्यात कॉमन रेल पद्धत होती आणि त्याची शक्ती ३०० अश्वशक्ती होती. कॉमन रेल पद्धतीत एका सामाईक नळीत उच्च दाबाचे डिझेल साठवलेले असते आणि प्रत्येक इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने उघडतो. या पद्धतीने ट्यूनरला पूर्वी नव्हते इतके सूक्ष्म नियंत्रण दिले. त्याचबरोबर नवी मर्यादाही आली. इंजेक्टर पंपाच्या पुरवठ्यापेक्षा अधिक डिझेल ओढू लागल्यास नळीतील दाब घसरतो आणि वाढीव छिद्रांचा लाभ तेथेच संपतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत बॉशचे सीपी-३ जातीचे दोन पंप बसवण्याची पद्धत पडली. २०११ पासून फोर्ड व जनरल मोटर्सच्या डिझेल पिकअपमध्ये आलेला सीपी-४.२ हा पंप अंतर्गत झिजेने निकामी झाल्यास त्याचे धातुकण संपूर्ण इंधनव्यवस्थेत पसरतात. अशा वेळी नवे महागडे इंजेक्टरही वाया जातात.

हवा व उष्णता

डिझेलचा एक ग्रॅम पूर्ण जाळण्यास सुमारे १४.५ ग्रॅम हवा लागते. सिलिंडरमध्ये हवा व तेल यांचे मिश्रण एकसारखे होत नसल्याने प्रत्यक्षात याहून बरीच अधिक हवा असावी लागते, अन्यथा काळा धूर दिसू लागतो. वर दिलेल्या उदाहरणात वीसास एक हे प्रमाण धरल्यास ३०० अश्वशक्तीसाठी प्रत्येक सिलिंडरला दर वेळी सुमारे १.८५ ग्रॅम आणि ४५० अश्वशक्तीसाठी सुमारे २.८ ग्रॅम हवा लागते. टर्बोचार्जर नसलेल्या त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये समुद्रसपाटीवर जेमतेम १.२ ग्रॅम हवा मावते. उरलेली सर्व हवा टर्बोचार्जरने दाबून भरावी लागते. मूळ टर्बोचार्जर त्याच्या क्षमतेबाहेर फिरवल्यास तो हवा वाढवण्याऐवजी तीच हवा अधिक तापवतो. शिवाय तापलेली हवा विरळ असते.

हवा अपुरी पडल्याचे पहिले मोजता येणारे लक्षण म्हणजे उत्सर्जित वायूचे तापमान. ते मोजण्यासाठी टर्बोचार्जरच्या आधी तापमापक बसवतात. दीर्घकाळ भार ओढताना हे तापमान साधारण १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअसपेक्षा वर जाऊ देऊ नये, असा चालकांमध्ये प्रचलित संकेत आहे. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. वंगणतेलाचा फवारा पिस्टन खालून थंड ठेवतो, म्हणून तो वायूइतका तापत नाही. तरी उष्णता काही मिनिटे टिकून राहिल्यास त्याच्या कडा झिजू व तडकू लागतात.

यामुळे शर्यतीच्या पट्ट्यावर काही सेकंद निर्धोक ठरणारी आज्ञावली घाटात धोकादायक ठरू शकते. कोलोरॅडो राज्यातील आंतरराज्य महामार्ग ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते. जोडगाडी ओढत अशा चढणीवर जाणाऱ्या ट्रकला सर्वांत अधिक शक्तीची गरज असते, नेमकी तेव्हाच हवा सर्वांत कमी असते. म्हणून बहुतेक ट्यूनरांत ओझे ओढण्यासाठी, रोजच्या वापरासाठी आणि शर्यतीसाठी स्वतंत्र आज्ञावल्या असतात.

इतर भागांवरील परिणाम

वाढलेली शक्ती इंजिनापासून चाकांपर्यंतच्या प्रत्येक भागातून जाते. स्वयंचलित गिअरपेटीतील घर्षणपट्ट्या मूळ टॉर्कच्या हिशेबाने केलेल्या असतात. त्या घसरू लागल्यास तापून जळतात. ड्युरामॅक्सबरोबर येणाऱ्या ॲलिसन गिअरपेटीचा संगणक अशी घसरण ओळखून गाडीला संरक्षक स्थितीत नेतो. फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये सिलिंडरमाथ्याचे बोल्ट ताणले जाऊन गॅस्केट फुटणे ही परिचित तक्रार आहे आणि वाढीव दाबाने ती लवकर उद्भवते. या कारणांमुळे अनुभवी कारागीर कामाचा क्रम उलट बाजूने लावतात. आधी तापमान, हवेचा दाब व इंधनाचा दाब दाखवणारी मापके बसवली जातात. त्यानंतर टाकीकडील पंप, हवापुरवठा आणि गिअरपेटी यांची तयारी होते. इंजेक्टर व त्यांच्यासाठी लिहिलेली आज्ञावली यांची पाळी शेवटी येते.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्या कारणाने उत्पादकास संपूर्ण हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असल्यास मात्र त्या दुरुस्तीची हमी नाकारता येते.

प्रदूषण व कायदा

२००७ नंतरच्या अमेरिकी डिझेल पिकअपमध्ये काजळी अडवणारी गाळणी आणि पुढे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी युरिया-द्रावणाची व्यवस्था आली. वाढीव डिझेलमुळे काजळी वाढली की गाळणी वारंवार तुंबते. अनेक मालक ती काढून टाकून संगणकास तिचा विसर पाडणारी आज्ञावली भरत. स्वच्छ हवा कायद्याच्या कलम २०३ नुसार प्रदूषणनियंत्रक यंत्रणा काढणे, निकामी करणे किंवा त्यासाठी उपकरणे विकणे बेकायदा आहे. कॅलिफोर्निया राज्यात रस्त्यावरील वाहनासाठी असे भाग विकण्यास राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा सवलत-आदेश लागतो. केवळ इंजेक्टर किंवा ट्यूनर वापरणे आणि प्रदूषणनियंत्रक यंत्रणा काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, परंतु व्यवहारात त्या वारंवार एकत्र आढळल्या आहेत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मधील अहवालात, आधीच्या सुमारे दहा वर्षांत ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधील ही यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज दिला. या ट्रकांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टनांहून अधिक नायट्रोजनची ऑक्साइडे व सुमारे ५,००० टन सूक्ष्मकण जादा उत्सर्जित होतील, असेही त्यात नमूद आहे. असे सूक्ष्मकण फुप्फुसांत खोलवर जातात. दमा व हृदयविकार असणाऱ्यांना त्यांचा विशेष त्रास होतो. मुद्दाम अतिरिक्त डिझेल सोडून काळ्या धुराचे लोट काढण्याच्या प्रकारावर न्यू जर्सी राज्याने २०१५ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१७ मध्ये बंदी घातली.

भारतातील स्थिती

भारतात पिकअप हे प्रामुख्याने शेतमाल व किरकोळ मालवाहतुकीचे वाहन आहे. त्याची इंजिने अमेरिकी पिकअपच्या मानाने बरीच लहान असतात. कॉमन रेल डिझेल गाड्यांवर ट्यूनर-पेटी बसवणे किंवा रिमॅप करणे हा प्रकार येथेही परिचित आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे येथील नव्या डिझेल वाहनांतही काजळीची गाळणी आली आहे. त्यामुळे वाढीव डिझेल आणि तुंबणारी गाळणी यांचा जो प्रश्न अमेरिकेत २००७ नंतर उभा राहिला, तोच भारतातील नव्या डिझेल वाहनांनाही लागू होतो.